सेमिस्टर संपल्यावर पहिल्यांदाच रिट्रीटला जाताय? गोव्यात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी

माझ्या पहिल्या वर्षी शेवटचा पेपर सकाळी होता आणि रिट्रीटची, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या तीन दिवसांच्या प्रार्थनेच्या मुक्कामाची, बस दुपारी दोनला. रात्रभर जागून पेपर दिला, हॉस्टेलवर येऊन हाताला लागेल ते बॅगेत कोंबलं आणि बसमध्ये जाऊन बसले. त्या संध्याकाळचं प्रवचन आणि दुसऱ्या सकाळची प्रार्थना यातलं आज मला काहीही आठवत नाही. चॅपलच्या बाकावर माझी मान खाली गेली होती आणि शेजारच्या ताईने माझी वही घसरू नये म्हणून ती स्वतःच्या मांडीवर धरून ठेवली होती, तेवढं मात्र आठवतं. तीन दिवसांपैकी दीड दिवस झोपेत गेला. उरलेला दीड दिवस मी हॉस्टेलवर अडकलेल्या ट्रंकेची काळजी करत काढला.

त्यानंतर मी चार वेळा गेले. त्यातल्या दोन वेळा नावनोंदणीचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे कोण कुठे अडतं ते जवळून पाहिलं. मी मूळची संगमनेरकडची, मराठी मंडळीत, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमध्ये, वाढलेली. आमच्या गटात वसईचे कॅथलिक होते, सावंतवाडी-कुडाळचे होते, बेळगावचे होते. सगळ्यांच्या अडचणी जवळपास सारख्याच होत्या, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

१. हे रिट्रीट कोणत्या पद्धतीचं आहे ते आधी विचारा

पोस्टरवर फक्त ‘रिट्रीट’ लिहिलेलं असतं, पण त्या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात.

एक, मौनाचं रिट्रीट. ही संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेची पद्धत. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची, तिचं आठ दिवसांचं रूपही आहे. विद्यार्थ्यांसाठी ती दोन-तीन दिवसांत बसवतात. यात बोलणं जवळपास नसतंच. दिवसातून एकदा मार्गदर्शक फादर किंवा सिस्टर यांच्याशी भेट होते, बाकी वेळ तुम्ही आणि बायबलचं वचन.

दोन, प्रवचनांचं रिट्रीट. सकाळ-संध्याकाळ वक्ता बोलतो, मधे गीतं, आराधना, गटचर्चा. रात्रीपुरतं मौन असतं.

तीन, शिबिर. खेळ, नाटुकली, शेकोटी, साक्षी (देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं). विद्यार्थी संघटनांचे कार्यक्रम बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या मधले असतात.

गप्पा-गाण्यांच्या अपेक्षेने मौनाच्या रिट्रीटला गेलेली मुलं पहिल्याच संध्याकाळी कासावीस झालेली मी पाहिली आहेत, आणि शांतता हवी म्हणून शिबिराला गेलेली मुलं तितकीच थकून परत आलेली पाहिली आहेत. म्हणून नाव देण्याआधी तीन गोष्टी विचारा: मौन किती, भाषा कोणती, आणि कार्यक्रम एकाच चर्चचा की सगळ्या पंथांच्या मुलांसाठी.

जागेचाही फरक पडतो. पिलारची टेकडी शांत आहे. तिथे सतराव्या शतकातला जुना मठ आहे, आग्नेल फादर या पुरोहितांची समाधी आहे, आणि संध्याकाळी वरून जुवारी नदीच्या बाजूचा सगळा मुलूख दिसतो. बागाला येशूसंघीयांचं (जेझुइट फादरांचं) रिट्रीट हाऊस समुद्रालगतच्या टेकडीवर आहे, मात्र खाली पर्यटकांची गर्दी असते. तिथे जाणार असाल तर ‘जरा खाली किनाऱ्यावर जाऊन येऊ’ हा विषय गटात आधीच मिटवून टाका. एकदा दोघं खाली गेले की सगळ्यांचं लक्ष फाटकाकडे लागतं.

२. तारखा ताडून पाहा

पहिलं सत्र संपतं तो काळ गोव्यात अवघड असतो. २० नोव्हेंबरच्या सुमारास पणजीत चित्रपट महोत्सव सुरू होतो. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) लागतात आणि ३ डिसेंबरला फेस्त. त्या दहा दिवसांत जुन्या गोव्याच्या रस्त्यावर पहाटेपासून गर्दी असते, पायी येणारे भाविक असतात, बसगाड्या तुडुंब असतात. रिट्रीट त्या बाजूला असेल तर एक तास हाताशी ठेवूनच निघा. नोव्हेनाला जायची इच्छा असेल तर रिट्रीटच्या आधी किंवा नंतर जा, अधूनमधून पळून जाऊ नका.

घरी जायच्या गाडीचं तिकीट रिट्रीटची तारीख कळली त्याच दिवशी काढा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेच्या गाड्या दिवाळी-नाताळच्या आसपास बघता बघता भरतात. कार्यक्रम ऑक्टोबरात असेल तर पावसाळी वेळापत्रक अजून चालू आहे का ते तपासा, त्यात गाड्यांच्या वेळा बदललेल्या असतात. रिट्रीट दुपारी संपणार असेल तर त्याच संध्याकाळची गाडी घेऊ नका. शेवटचं सत्र हमखास लांबतं, आणि बरोबर त्याच सत्रात तुमचं लक्ष घड्याळाकडे असतं.

३. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे ठेवा:

- कॉलेजचं ओळखपत्र आणि आधारची प्रत
- पालकांचं संमतिपत्र (अठरा पूर्ण नसतील तर नक्की लागतं, बरेच गट सगळ्यांकडूनच घेतात)
- हॉस्टेलच्या वॉर्डनची रजेची चिठ्ठी किंवा आउटपास
- आरोग्याची माहिती: रक्तगट, ॲलर्जी, रोजची औषधं, दमा किंवा फिट येत असल्यास तसा स्पष्ट उल्लेख
- घरच्या दोन माणसांचे फोन नंबर, कागदावर लिहिलेले
- शुल्क भरल्याची पावती

संमतिपत्रात मुलं अडतात, कारण घरचे लांब असतात. एका साध्या कागदावर आईबाबांनी मराठीत लिहून, सही करून फोटो पाठवला तरी आमच्याकडे चालायचं. तुमच्या गटात चालतं का ते विचारून घ्या, आणि शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आरोग्याच्या रकान्यात खरं लिहा. एका मुलीने संकोचाने दम्याचं लिहिलं नव्हतं. रात्री उदबत्तीच्या धुराने तिला त्रास झाला तेव्हा तिचा पंप कुठे आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मानसिक ताणासाठी औषध चालू असेल तर तेही लिहा आणि औषध घेत राहा. ‘प्रार्थना चालू आहे, आता गोळी कशाला’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गोळी घेणं हा विश्वासातला उणेपणा नव्हे.

शुल्क परवडत नसेल तर नोंदणीवाल्या दादा-ताईला एकट्यात सांगा. नोंदणीचं काम करताना मी पाहिलंय, जवळपास प्रत्येक वेळी कुणीतरी कुणाचं तरी शुल्क गुपचूप भरत असतं.

४. सेमिस्टर मागे सोडून या

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. बॅग अर्ध्या तासात भरते, याला आठवडा लागतो.

बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा पळून पळून इतका दमतो की झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला लगेच काही उपदेश करत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो परत झोपतो, परत उठून खातो. मग चाळीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर होरेब डोंगरावर ती मंद वाणी. माझ्या पहिल्या रिट्रीटनंतर हा अध्याय मी वाचला आणि मला माझंच चुकलेलं कळलं. मी भाकर आणि झोप या दोन्ही गोष्टी वगळून थेट होरेबवर पोहोचायला निघाले होते.

म्हणून शेवटचा पेपर आणि रिट्रीट यांच्यात किमान एक पूर्ण रात्र ठेवा. वेळापत्रक तसं नसेल तर आयोजकांना विचारून दुसऱ्या सकाळी पोहोचा. झोपून, जेवून उशिरा आलेला मुलगा वेळेवर येऊन पेंगणाऱ्यापेक्षा जास्त घेऊन जातो.

मग ही कामं उरकून टाका:

सामान. परीक्षा संपली की बरीच हॉस्टेलं एक-दोन दिवसांत खोली रिकामी करायला लावतात, आणि हे आम्हाला दर वर्षी नव्याने कळायचं. गादी, बादली, पुस्तकांची ट्रंक कुठे ठेवायची ते आठवडाभर आधी ठरवा. स्थानिक मैत्रिणीचं घर सगळ्यात उत्तम. मडगाव स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप लावलेलं सामानच घेतात, तेव्हा दोरीने बांधलेलं बोचकं घेऊन जाऊ नका.

फॉर्म. पुढच्या सत्राची फी, राहिलेल्या विषयाचा अर्ज, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण यांपैकी कशाची मुदत रिट्रीटच्या दिवसांत संपतेय का ते पाहा. संपत असेल तर आधीच भरून टाका. फोन जमा केल्यावर ओटीपी येणार नाही.

उसनवारी. मेसचे, झेरॉक्सवाल्याचे, मित्राचे, जे असतील ते पैसे देऊन टाका. ही गोष्ट छोटी वाटते, पण शांत बसल्यावर आधी हेच आठवतं.

आणि अबोला. सेमिस्टरभर एका खोलीत राहिलं की कुणाशी तरी बिनसतंच. दुसऱ्या वर्षी माझं खोलीतल्या मैत्रिणीशी बोलणं बंद होतं, कारण आता सांगण्यासारखंही नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दोन कप चहा आणले आणि एक तिच्या टेबलावर ठेवला. आम्ही फार काही बोललो नाही. तिने कप धुऊन माझ्या खिडकीत उपडा ठेवला, आणि त्या रिट्रीटला मी मोकळी बसू शकले. सगळी भांडणं अशी मिटत नाहीत. समोरच्याने तुम्हाला खरोखर दुखावलं असेल तर रिट्रीटच्या आधी घाईने माफी मागायला किंवा द्यायला जाऊ नका. ते ओझं तसंच घेऊन या आणि तिथे फादरांना, सिस्टरना किंवा पाळकसाहेबांना दाखवा.

५. बॅग

बायबल छापील आणा, मोबाईलमधलं उपयोगाचं नाही. मराठी बायबलच आणा. गट इंग्रजीत वाचत असला तरी एकांताच्या वेळी स्वतःच्या भाषेतलं वचन वेगळं भिडतं. एक कोरी वही, दोन पेनं.

चादर, टॉवेल, विजेरी, पाण्याची बाटली, डासांचं मलम (टेकडीवर, झाडीत डास असतातच), रबरी चपला, अंगाचा आणि कपड्यांचा साबण. ऑक्टोबरात छत्री. एप्रिल-मे मध्ये सुती कपडे दोन जोड जास्त, कारण घामाने दिवसातून दोनदा बदलावे लागतात. चॅपलमध्ये खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. साधं घड्याळ आणा, फोन नसल्यावर वेळ कळत नाही. कॅथलिक असाल तर जपमाळ. गिटार किंवा ढोलकी विचारल्याशिवाय आणू नका.

लॅपटॉप आणि अभ्यासाची पुस्तकं घरी ठेवा.

६. फोन

बहुतेक ठिकाणी पहिल्या संध्याकाळी टोपली फिरते. फोन बंद करून, नावाची चिठ्ठी चिकटवून त्यात ठेवायचा. बंद करायच्या आधी रोजचे गजर काढून टाका. काही फोन बंद असतानाही गजर वाजवतात. आमच्या एका रिट्रीटला पहाटे पावणेपाचला कपाटात सहा फोन एकदम वाजले होते आणि किल्ली असलेल्या सिस्टर दुसऱ्या इमारतीत होत्या.

घरी आधी सांगून ठेवा: ‘तीन दिवस फोन बंद असेल, गरज पडली तर या नंबरवर करा.’ तो नंबर रिट्रीट हाऊसचा किंवा आयोजकांचा. आई-आजीला हे दोनदा सांगा. एकीच्या घरच्यांनी दिवसभर फोन लागला नाही म्हणून पोलिसांत जायची तयारी केली होती.

७. पोहोचायचं कसं

गटाची बस असेल तर प्रश्न नाही. स्वतः जाणार असाल तर पणजीचा कदंब स्टँड हा मुख्य नाका. पिलारला जायचं असेल तर आगशीकडे जाणारी, थांबत जाणारी गाडी धरा. मडगावच्या शटलमध्ये बसलात तर ती मधे कुठेच थांबत नाही, थेट मडगाव. जुन्या गोव्यासाठी रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन जवळचं.

अंधार पडल्यावर गावांकडे जाणाऱ्या गाड्या विरळ होतात, म्हणून पाचच्या आत स्टँडवरून निघा. एकट्याने थोडं अंतर जायचं तर पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून भाड्याने नेणारे पायलट मिळतात, भाडं बसण्याआधी ठरवा. टॅक्सीसाठी गोवा माइल्सचं ॲप आधीच घेऊन ठेवा.

८. तिथे गेल्यावर

हाका कशा मारायच्या इथपासून सांगते. पुरोहितांना फादर, सेमिनरीत पुरोहित होण्यासाठी शिकणाऱ्या मुलांना ब्रदर, स्वयंपाकघरातल्या बायकांना आंटी. आपल्या तोंडून मावशी निघतं, तेही त्या प्रेमाने घेतात. आभार मानायला ‘देव बरें करूं’ म्हणा. एवढ्या तीन शब्दांनी तुम्ही घरचे होता.

गीतांची पुस्तकं पाहून गोंधळू नका. इथल्या चर्चमध्ये कोंकणी रोमन लिपीत लिहितात. त्यात एक्स हे अक्षर ‘श’साठी असतं, म्हणून शांती हा शब्द एक्सने सुरू होतो. शब्दाच्या शेवटचा एम बरेचदा अनुस्वार असतो, त्याचा ‘म्’ करायचा नाही. एवढं कळलं की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गाऊ लागाल, कारण शब्द आपल्याला बहुतेक समजतातच.

गटात प्रार्थना करायची पाळी आली आणि इंग्रजीत शब्द फुटेना, तर मराठीत करा. मी पहिली दोन वर्षं गप्प बसले, लोक काय म्हणतील म्हणून. मग एका फादरांनी सांगितलं की याच गोव्यात, सासष्टीतल्या राशोलला, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत रचून १६१६ साली छापली. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातून आलेल्या माणसाने या भूमीत देवाचं नाव मराठीत घेतलं, आणि मी संगमनेरची पोर लाजत होते! त्या रात्री मी मराठीत प्रार्थना केली. समोरच्या काणकोणच्या मुलाने शेवटी ‘आमेन’ म्हटलं, तेही जरा मोठ्याने.

मिस्सा (कॅथलिक उपासना) असेल आणि तुम्ही कॅथलिक नसाल तर बाकावर बसा, उभं राहा, गा, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला जाऊ नका, तसा त्यांचा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी हात छातीवर आडवे धरून रांगेत गेलं तर फादर आशीर्वाद देतात. पहिल्या दिवशीच विचारून घ्या. मला पहिल्यांदा हे सलत असे. नंतर त्या आशीर्वादाची मी वाट पाहू लागले. कॅथलिक मुलांसाठी पापनिवेदनाची वेळ बहुधा दुसऱ्या संध्याकाळी असते. खूप दिवसांनी जात असाल तर आत गेल्यावर तसं सांगा, फादर हात धरून नेतात.

मौन पहिल्या रात्री जड जातं. जेवणघरात पेजेच्या ताटल्यांवर चमचे वाजतात तेवढाच आवाज, आणि आपण कुणाकडे बघावं तेही कळत नाही. डाव्या हाताला लोणच्याची बरणी असते, ती समोरच्याला हवी आहे हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते जमू लागतं. मधे डोळ्यांत पाणी आलं तर घाबरू नका, सेमिस्टरभर साठलेलं असतं. बाहेर बागेत जाऊन बसा. फारच जड झालं तर मार्गदर्शकांना चिठ्ठी द्या, बोलण्यासाठी मौन मोडायची परवानगी असतेच.

गटात मन मोकळं करताना स्वतःचंच सांगा, दुसऱ्याचं नाही. आणि ऐकलेलं तिथेच ठेवा. शेवटच्या दिवशी भावनेच्या भरात कुणी मोठी प्रतिज्ञा करायला सांगितलं, कॉलेज सोडण्याची, एखादं नातं तोडण्याची किंवा आयुष्यभराच्या सेवेची, तर वहीत लिहून ठेवा आणि महिनाभराने घरच्यांशी, आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोलून ठरवा.

९. निघताना

खोली झाडून, चादरीची घडी करून द्या. स्वयंपाकघरात जाऊन आंटींना भेटा. फोन हातात आल्यावर पहिला कॉल घरी करा, बाकीचे मेसेज गाडीत बसल्यावर बघा.

बऱ्याच रिट्रीटमध्ये शेवटच्या सकाळी स्वतःलाच एक पत्र लिहायला सांगतात. ते बंद करून आयोजक ठेवून घेतात आणि तीन-चार महिन्यांनी पोस्टाने पाठवतात. त्या पाकिटावर हॉस्टेलचा पत्ता घालू नका, खोली बदलते आणि पत्र हरवतं. गावाकडचा पत्ता घाला, पिनकोडसकट, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींत. माझं दुसऱ्या वर्षीचं पत्र आईने देव्हाऱ्यासारख्या एका कोनाड्यात, बायबलशेजारी, न उघडता ठेवलं होतं. मी मे महिन्यात घरी गेले तेव्हा तिने ते पदराने पुसून माझ्या हातात दिलं.